विजेच्या बिलावरचा मोर

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता?
मामंजींनी कान खिडकीकडे केला, थोडा वेळ ऐकलं.
म्हणाले, माग बंद आहेत, म्हणजे शुक्रवार.
डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.
होता मंगळवार. आणि दवाखाना होता होटगी रोडला,
तिथं माग ऐकू येतीलच कसे?

मला म्हणायचं होतं, प्रश्न चुकलाय, साहेब.
विचारा, मोराच्या मानेला किती हुक लागतात,
पिसाऱ्याचा डोळा किती पत्त्यांत बसतो.
मग मारा फुली.

मग त्यांनी फिल्म दाखवली. इथं आकसलंय, इथंही.
मामंजींनी ती हातातून घेतली, उजेडावर धरली,
जन्मभर जेकाटचे पत्ते धरले तशी,
आणि चिडून म्हणाले,
हे पंचिंग कुणी केलंय?

मराठी आधी गेली.
शाळेतली, बँकेतली, माझ्याशी बोलायची मराठी,
भाडेकरू जातो तशी, आज पलंग, उद्या भांडी.
राहिली ती तेलुगू, मूळ मालकीण.
मी बार्शीची. मला यायची
जेवणापुरती आणि भांडणापुरती.
आता समोरच्या पद्मक्काकडून वहीत उतरवून घेते:
नीळ्ळु, पाणी. दारं, धागा. नेमलि, मोर.
नुव्वु एवरु, म्हणजे तू कोण,
हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.
दिवसातून सात-आठदा कानावर पडतं.

आधी सांगायचे, मी शालन, तुमची सून.
तर म्हणायचे, लग्न कधी झालं?
मला कुणी बोलावलंच नाही.
आणि रडायचे, लग्नाला न बोलावलेल्या माणसासारखे.
आता सांगते, कारखान्यातून आले,
डिझाइन न्यायला.
भिवंडीहून फोनवर हे म्हणतात,
अगं, खोटं कशाला बोलतेस त्यांच्याशी?
खोटं कसलं?
नेतेच की मी डिझाइन.

नव्या पेठेतून आलेखाची वही आणली, लाल पेन्सिल आणली.
चौकट भरली की धागा उठतो,
मोकळी ठेवली की खाली राहतो.
ते तेलुगूत सांगतात, मला निम्मं कळतं,
उरलेलं त्यांचं बोट सांगतं.
कधी एक मान पुरी होते,
कधी नुसतीच चोच.
चोचीवर तीन दिवस गेले एकदा.
मी घाई केली नाही. मालकही करत नसेल.

रोज असं नसतं.
रात्री तीनला ते चप्पल घालून दारात उभे,
हातात रिकामा डबा, भोंगा झाला म्हणतात.
मी म्हणते, आज सुट्टी, राजेशम मास्टर.
ऐकतात. नाही ऐकत.
परवा हात उगारला, आणि लागला.
मी आत जाऊन शेंगाचटणी कुटत बसले,
गल्ली जेवेल इतकी.
नंतर बाहेर आले तर त्यांनी पाट सरकवला,
म्हणाले, कूर्चो, बिड्डा.
बस, बाळ.
मारणारा कोण आणि पाट देणारा कोण,
हे त्यांनाही नसेल माहीत.
मी बसले.

गेल्या आठवड्यात विजेचं बिल सापडेना.
सापडलं त्यांच्या उशीखाली,
खिळ्यानं भोकं पाडलेलं, ओळीनं, मोजून.
आकडा गेलेला, तारीख गेलेली,
आमचं आडनाव अर्धं.

खिडकीवरच्या बाईनं ते दोन बोटांत धरलं.
हे काय केलंय? पोरानं का?
मागं रांग होती, ऊन पाठीवर आलं होतं.
मी म्हटलं, नाही, सासऱ्यांनी.
डिझाइन मास्टर आहेत.
ती म्हणाली, होते का?
म्हटलं, आहेत.
जरा उजेडावर धरून बघा,
डावीकडून तिसऱ्या ओळीत मान सुरू होते.

तिनं धरलं.
रांगेतला एक म्हातारा पुढं वाकला,
डोळे बारीक करून म्हणाला,
चोच राहिलीय.

मी म्हटलं, हो.
उद्या देणार आहेत.